संसदेचे सार्वभौमत्व आणि सार्वमत : ब्रिटन व यूरोपीय समुदाय

देशासाठी कायदे करण्याचा, ते बदलण्याचा व रद्द करण्याचा अंतिम अधिकार संसदेचा असून त्यावर अन्य कोणत्याही संस्थेचे वा न्यायालयाचे नियंत्रण चालत नाही, या तत्त्वास संसदेचे सार्वभौमत्व म्हणतात. एखादा विशिष्ट प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवून त्यावर त्यांचा होकार वा नकार घेणे, म्हणजे सार्वमत होय. सर्वसाधारण कायद्यांच्या बाबतीत ही दोन तत्त्वे परस्परांच्या वाटेत येत नाहीत. संसदेने केलेला कायदा लोकांना रुचला नाही, तर पुढील निवडणुकीनंतर येणारी संसद तो बदलू शकते. परंतु ज्या संस्थेचे निर्णय सदस्य-राष्ट्रांवर आणि त्यांच्या नागरिकांवर थेट बंधनकारक ठरतात, अशा अधिराष्ट्रीय संस्थेकडे संसदेने आपलेच काही अधिकार सोपविले, तर पुढील संसदेच्या हाती ते शिल्लक राहतात काय, आणि मुळात ते सोपविण्याचा अधिकार संसदेला होता काय, असे दोन प्रश्न उभे राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम यूरोपातील बहुतेक सर्व देशांत ते उपस्थित झाले. लिखित संविधान असलेल्या देशांनी त्यांची उत्तरे संविधानातच शोधली. ब्रिटनमध्ये लिखित संविधान नसल्याने तेथे हा प्रश्न अखेर १९७५ व २०१६ मध्ये मतदारांपुढे गेला व त्यातून संसदेच्या सार्वभौमत्वाचा अर्थच पालटत गेला.

ब्रिटिश सिद्धांताची शास्त्रशुद्ध मांडणी ऑक्सफर्ड विद्यापीठातील विधिशास्त्रज्ञ अल्बर्ट व्हेन डायसी (१८३५–१९२२) यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली. त्यांच्या मते संसद कोणताही कायदा करू शकते वा मोडू शकते. तिचा कायदा बाजूला सारण्याचा अधिकार इंग्लंडच्या विधीला अन्य कोणाच्याही ठायी मान्य नाही. याचाच उपसिद्धांत असा, की कोणतीही संसद आपल्या उत्तराधिकारी संसदेला बांधू शकत नाही. डायसींनी कायदेशीर सार्वभौम व राजकीय सार्वभौम असा भेदही केला. न्यायालये ज्याची आज्ञा मानतात ती संसद कायदेशीर सार्वभौम, तर जिची इच्छा अंतिमतः प्रभावी ठरते ती मतदारसंस्था राजकीय सार्वभौम होय. हा भेद पुस्तकात सुबक दिसतो. प्रत्यक्षात या दोन सार्वभौमांनी परस्परविरुद्ध आज्ञा दिल्यास काय करावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ही अडचण स्वतः डायसींनाही जाणवली असावी. आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या ग्लॅडस्टन यांच्या योजनेस त्यांचा कडवा विरोध होता. कॉमन्स सभागृहातील पक्षबद्ध बहुमत देशाची मूलभूत घडण बदलू शकते, या भीतीने १८९० पासून ते इंग्लंडमध्ये सार्वमत आणावे, असे प्रतिपादू लागले. संसदेच्या सर्वाधिकाराचा प्रवर्तकच तिच्यावर लोकांच्या नकाराधिकाराचा लगाम घालू पाहत होता. पुढे नोव्हेंबर १९१० मध्ये हुजूर पक्षाचे नेते आर्थर बाल्फोर यांनी जकातविषयक सुधारणांवर सार्वमत घेण्याचे आश्वासन दिले; पण त्यांच्या पक्षाला सत्ता न मिळाल्याने ते हवेतच विरले. १९४५ मध्ये युद्धकालीन संसदेची मुदत वाढविण्यासाठी सार्वमत घ्यावे, ही विन्स्टन चर्चिल यांची सूचना क्लेमंट ॲटली यांनी फेटाळली. नात्सी व फॅसिस्ट राजवटींनी हे साधन कसे राबविले, याची आठवण ताजी होती व ब्रिटिश परंपरेस ते परके आहे, अशी ॲटलींची भूमिका होती. यानंतर पाव शतक ब्रिटिश राजकारणात सार्वमताचे नाव अपवादानेच निघाले.

दरम्यान यूरोप खंडावर नवी व्यवस्था आकार घेत होती. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे कोळसा व पोलाद समुदायाचा आणि २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे आर्थिक समुदायाचा करार केला. या सहांपैकी कोणीही त्यासाठी सार्वमत घेतले नाही. त्या त्या संसदेच्या अनुसमर्थनावर काम भागले. करारांच्या शब्दांत दडलेला आशय पुढे लक्सेंबर्ग येथील समुदायाच्या न्यायालयाने उलगडून दाखविला. जर्मनीतून रासायनिक माल आणणाऱ्या एका डच वाहतूक कंपनीच्या दाव्यात (१९६३) त्याने असे ठरविले, की रोमच्या करारातून नागरिकांना थेट हक्क मिळतात व ते राष्ट्रीय न्यायालयांत बजावून घेता येतात. पुढील वर्षी मिलान येथील एका वकिलाने वीज-उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा निषेध म्हणून विजेचे क्षुल्लक बिल भरण्याचे नाकारले. तेवढ्या बिलापायी उद्‌भवलेल्या वादात समुदायाचा कायदा व राष्ट्राचा कायदा यांच्यात विरोध आल्यास, राष्ट्राचा कायदा नंतरचा असला तरी, समुदायाचाच कायदा श्रेष्ठ ठरतो, असा निर्णय झाला. ब्रिटनने समुदायात प्रवेश केला, तेव्हा हे दोन्ही निर्णय होऊन जवळजवळ दशक उलटले होते. आपणास हे ठाऊक नव्हते, असे नंतर अनेक ब्रिटिश राजकारणी म्हणाले. ते मान्य करणे कठीण आहे. लॉर्ड चॅन्सेलर लॉर्ड किलम्यूर यांनी डिसेंबर १९६० मध्येच एडवर्ड हीथ यांना पत्र लिहून सार्वभौमत्वावरील परिणाम गंभीर आहेत व ते आताच उघडपणे मांडले पाहिजेत, असे बजावले होते.

फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनचा प्रवेश १९६३ व १९६७ असा दोनदा रोखला. त्यांच्यानंतर वाट मोकळी झाली व पंतप्रधान हीथ यांनी २२ जानेवारी १९७२ रोजी ब्रसेल्स येथे प्रवेशाच्या करारावर सही केली. संसद व जनता यांच्या मनःपूर्वक संमतीखेरीज असा प्रवेश इष्ट नव्हे, असे हीथ १९७० मध्ये म्हणाले होते. ही संमती कशी मोजावयाची, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी कॉमन्सने प्रवेशाचे तत्त्व ३५६ विरुद्ध २४४ मतांनी स्वीकारले, ते मजूर पक्षाच्या ६९ सदस्यांनी पक्षादेश मोडल्यामुळे. पुढील फेब्रुवारीत प्रत्यक्ष विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी बहुमत अवघ्या आठ मतांवर आले.

यूरोपीय समुदाय अधिनियम, १९७२ हा त्याच्या विषयाच्या मानाने अतिशय आटोपशीर कायदा होता. विधेयकात केवळ १२ कलमे व ४ परिशिष्टे होती आणि ते एकाही दुरुस्तीविना मंजूर झाले. त्याच्या दुसऱ्या कलमातच सर्व मर्म होते. करारांपासून वेळोवेळी निर्माण होणारे हक्क व कर्तव्ये संसदेच्या वेगळ्या कायद्यावाचून ब्रिटनमध्ये लागू होतील. एवढेच नव्हे, तर यापूर्वी संमत झालेला व यापुढे संमत होणारा प्रत्येक अधिनियम त्यांच्या अधीन राहूनच अमलात येईल, अशी तरतूद तेथे होती. ‘यापुढे संमत होणारा’ या शब्दांनी डायसींच्या उपसिद्धांतावरच घाव घातला. एका संसदेने पुढील सर्व संसदांना सूचना देऊन ठेवली होती. विरोधकांत परस्परांशी अन्यथा कधीच न जुळणारे दोघे आघाडीवर होते. हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल हे संसद म्हणजेच राष्ट्र मानणारे, तर मजूर पक्षाचे टोनी बेन हे सत्ता लोकांची आहे व संसद-सदस्यांना ती केवळ उसनी मिळालेली असते, असे मानणारे. उसनी वस्तू घेणाऱ्याने ती तिसऱ्याला देऊन टाकू नये, हा बेन यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. तो नवा नव्हता. विधिमंडळास कायदे करण्याची सत्ता लोकांकडून सोपविलेली असल्याने ती त्याला दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, असे जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच म्हटले होते.

बेन यांनी १९७० मध्ये सार्वमताची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या पक्षात तिला पाठिंबा नव्हता. जेम्स कॅलाहन यांनी तेव्हाच तिला रबरी तराफ्याची उपमा दिली. आज कोणी त्याकडे पाहत नसले, तरी एक दिवस सर्व पक्षाला त्यावर चढावे लागेल, असा त्यांचा अभिप्राय होता. तो दिवस लवकरच आला. मजूर पक्ष यूरोपच्या प्रश्नावर दुभंगला होता व दोन्ही गटांना एकत्र ठेवील, असे सार्वमताखेरीज दुसरे सूत्र हॅरल्ड विल्सन यांना सापडेना. १९७२ च्या एप्रिलमध्ये छाया-मंत्रिमंडळाने सार्वमताच्या मागणीस अनुकूलता दर्शविताच रॉय जेंकिन्स यांनी पक्षाच्या उपनेतेपदाचा राजीनामा दिला. १९७४ मध्ये दोन निवडणुका होऊन विल्सन पुन्हा पंतप्रधान झाले. फेब्रुवारीच्या निवडणुकीत पॉवेल यांनी आपला पक्ष सोडून मतदारांना मजूर पक्षास मत देण्याचे आवाहन केले, ते याच प्रश्नासाठी. विल्सन यांनी प्रवेशाच्या अटींविषयी फेरवाटाघाटी केल्या. मंत्रिमंडळाने त्या १६ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारल्या व सामूहिक जबाबदारीचा संकेत तात्पुरता बाजूला ठेवून सात मंत्र्यांना विरोधी प्रचाराची मुभा देण्यात आली. थोडक्यात, एका पक्षाची फूट टाळण्यासाठी देशाच्या संविधानात एक नवे साधन दाखल झाले. पुढेही ते बहुधा अशाच कारणांसाठी वापरले गेले, हे लक्षात ठेवावयास हवे.

मार्च १९७५ मधील संसदीय चर्चा या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी, अशी आहे. सभागृहनेते एडवर्ड शॉर्ट यांनी सरकारची बाजू मांडताना सार्वमत व संसदेचे सार्वभौमत्व पूर्णतः सुसंगत असल्याचे सांगितले. सरकार निकालाने बांधले जाईल, संसदेस मात्र तो बांधू शकत नाही. तथापि जनतेचा स्पष्ट कौल सदस्य डावलतील, असे वाटत नाही, असा तो त्रिपदरी खुलासा होता. नुकत्याच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी ॲटलींच्या मताचा आधार घेऊन सार्वमत हे हुकूमशहांचे व लोकानुनयी पुढाऱ्यांचे साधन असल्याचा इशारा दिला. संसद बांधली जात नाही, तर सार्वमत कशाला, आणि बांधली जाते, तर ती सार्वभौम कशी, हा पेच त्या चर्चेत सुटला नाही. तो सोडविण्याची निकडही भासली नाही. कारण ९ एप्रिल रोजी कॉमन्सने समुदायात राहण्याच्या बाजूने ३९६ विरुद्ध १७० मते दिली होती व लोकांचा कौलही तसाच लागेल, अशी चिन्हे होती. मजूर पक्षाचे मात्र अधिक सदस्य (१४५) विरोधात होते व अनुकूल (१३७) कमी.

सार्वमत ५ जून १९७५ रोजी झाले. प्रत्येक घरी तीन पत्रके पोचविण्यात आली : दोन पक्ष-प्रतिपक्षांची व एक सरकारचे. दोन्ही बाजूंना सरकारी तिजोरीतून प्रत्येकी सव्वा लक्ष पौंड मिळाले; परंतु उद्योगपतींचा पैसा अनुकूल बाजूकडे असल्याने लढत समतोल नव्हती. सरकारी पत्रकात सार्वभौमत्वावर एक छोटेसे प्रकरण होते. मंत्रिपरिषदेत ब्रिटनला नकाराधिकार आहे आणि ज्या अधिनियमाने देश समुदायात गेला, तो रद्द करण्याचा अंतिम हक्क वेस्टमिन्स्टरच्या संसदेकडेच आहे, असे त्यात नमूद केले होते. हे विधान खोटे नव्हते. अधिनियम रद्द होईपर्यंत मधल्या काळात कोणाचा कायदा श्रेष्ठ राहील, याविषयी मात्र पत्रक मौन पाळून होते. ६४ टक्के मतदान होऊन १ कोटी ७३ लक्ष ७८ हजार मतदारांनी (६७·२ टक्के) होकार, तर ८४ लक्ष ७० हजारांनी (३२·८ टक्के) नकार दिला. शेटलंड व पश्चिम बेटे एवढे दोनच विभाग विरोधात गेले. लोकांचा व संसदेचा कौल एकच ठरल्याने डायसींचे दोन सार्वभौम या वेळी समोरासमोर आले नाहीत.

अन्य देशांनी हाच प्रश्न कसा हाताळला, हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. डेन्मार्कच्या १९५३ च्या संविधानातील विसाव्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय संस्थेस अधिकार सोपविण्यास संसदेच्या पाच-षष्ठांश सदस्यांची संमती लागते. तेवढी नसली व साधे बहुमत असले, तर विधेयक मतदारांपुढे ठेवावे लागते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी डॅनिश मतदारांनी ६३·३ टक्के मतांनी प्रवेश मान्य केला. आयर्लंडमध्ये संविधानातील कोणतीही दुरुस्ती सार्वमतानेच होते. १० मे १९७२ रोजी तेथे ८३ टक्के मतदारांनी होकार दिला. पुढे १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नव्या करारान्वये परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य मर्यादित होत असल्याने तो करार संविधान-दुरुस्तीवाचून स्वीकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हापासून यूरोपीय संघटनेचा जवळजवळ प्रत्येक मोठा करार आयरिश मतदारांपुढे गेला. नीस (२००१) व लिस्बन (२००८) हे करार त्यांनी प्रथम नाकारले व काही आश्वासने मिळाल्यावर दुसऱ्या खेपेस स्वीकारले. डेन्मार्कमध्येही मास्ट्रिख्ट कराराबाबत १९९२ व १९९३ मध्ये असेच घडले. हवे ते उत्तर मिळेपर्यंत लोकांना पुनःपुन्हा विचारले जाते, हा आक्षेप त्यातून निघाला व तो अगदीच निराधार नाही. तरीही या देशांत सार्वमत केव्हा घ्यावयाचे व त्याचा परिणाम काय, हे अगोदर लिहून ठेवलेले असते. पंतप्रधानांच्या सोयीवर ते अवलंबून राहत नाही.

नॉर्वेची कहाणी वेगळी आहे. तेथील सार्वमत सल्लावजा असते. पण सप्टेंबर १९७२ मध्ये ५३·५ टक्के मतदारांनी प्रवेश नाकारताच पंतप्रधान ट्रिग्व्हे ब्राटेली पायउतार झाले व करार मागे पडला. १९९४ मध्येही ५२·२ टक्के मतदारांनी पुन्हा नकारच दिला. असे असता, अधिकार सोपविण्यास तीन-चतुर्थांश बहुमत मागणाऱ्या संविधानातील कलमाच्या आधारे नॉर्वेच्या संसदेने १९९२ मध्ये यूरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार सार्वमताविना मंजूर केला व त्याद्वारे यूरोपीय बाजारपेठेचे बहुसंख्य नियम देशात लागू झाले. ज्या घरात राहावयास लोकांनी नकार दिला, त्याचे नियम मात्र संसदेने पाळावयास घेतले.

ब्रिटनमध्ये १९७५ नंतर प्रश्न मिटल्यासारखा वाटला, तरी न्यायालयांत तो जिवंत होता. स्पॅनिश मालकीच्या मच्छीमार नौकांनी ब्रिटिश ध्वजाखाली नोंदणी करून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडू नयेत, यासाठी संसदेने १९८८ मध्ये व्यापारी जहाज अधिनियम केला. बाधित कंपन्यांनी त्यास आव्हान दिले. जून १९९० मध्ये लक्सेंबर्ग न्यायालयाचा अभिप्राय आल्यावर लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायपीठाने संसदेच्या या कायद्याची अंमलबजावणी स्थगित केली. लॉर्ड ब्रिज यांनी आपल्या निकालपत्रात सार्वभौमत्वाच्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर दिले : समुदायाच्या कायद्याचे श्रेष्ठत्व प्रवेशापूर्वीच प्रस्थापित झालेले होते; १९७२ मध्ये संसदेने जी मर्यादा पत्करली, ती तिने स्वेच्छेने पत्करली. या निकालाने डायसींचा सिद्धांत संपला, असे काहींनी म्हटले. अधिक नेमके म्हणावयाचे, तर संसदेचे सार्वभौमत्व एकाच अधिकारापुरते उरले, तो म्हणजे १९७२ चा अधिनियम रद्द करण्याचा. अशा अधिकाराचा एकदाच व तोही सर्वनाशी उपयोग करता येतो. मच्छीमारी हा ब्रिटिश अर्थव्यवस्थेचा लहानसा भाग; पण संसदेचा कायदा न्यायालयाने रोखला, ही गोष्ट सामान्य मतदाराला कळली ती यामुळे.

मास्ट्रिख्ट कराराच्या वेळी जॉन मेजर यांच्या सरकारने सार्वमतास नकार दिला. १९७५ मध्ये ज्यांनी या साधनाचा निषेध केला होता, त्या थॅचर यांनीच आता लॉर्ड्स सभागृहात सार्वमताची मागणी केली. त्यात केवळ संधिसाधूपणा पाहणे योग्य नव्हे. सर्व प्रमुख पक्षांचे नेतृत्व एकाच बाजूस असेल, तर मतदारास निवडणुकीत वेगळे मत देण्याची वाटच उरत नाही, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. सार्वमत फेटाळले गेले. तथापि त्यानंतर यूरोपला आणखी अधिकार देण्याच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्याचे आश्वासन जोडले जाऊ लागले. सामायिक चलनाबाबत दोन्ही मोठ्या पक्षांनी ते दिले. एप्रिल २००४ मध्ये टोनी ब्लेअर यांनी यूरोपीय संविधानाबाबत दिले. पण २००५ मध्ये फ्रान्स व नेदर्लंड्स येथील मतदारांनी ते संविधानच नाकारल्याने ब्रिटनमध्ये मतदानाची वेळ आली नाही. त्यातील बराचसा आशय घेऊन आलेला लिस्बन करार २००८ मध्ये केवळ संसदेने मंजूर केला. आपणास दिलेला शब्द मोडला, ही भावना तेव्हापासून मूळ धरून राहिली.

तिचे एक फलित म्हणजे यूरोपीय संघ अधिनियम, २०११. यूरोपीय संघाकडे आणखी अधिकार सोपविणाऱ्या बहुतेक प्रत्येक करारासाठी त्याने सार्वमत आवश्यक केले आणि अठराव्या कलमात यूरोपीय कायदा ब्रिटनमध्ये केवळ संसदेच्या अधिनियमामुळे लागू होतो, असे घोषित केले. म्हणजे एकाच कायद्याने संसद सार्वभौम असल्याचे जाहीर केले व तिच्या हातास मतदारांचे कुलूपही लावले. डायसींना १८९० नंतर जे हवे होते, ते शंभरांहून अधिक वर्षांनी असे साकार झाले.

जानेवारी २०१३ मध्ये डेव्हिड कॅमेरन यांनी संघात राहावे की बाहेर पडावे, यावर सार्वमत घेण्याचे जाहीर केले. विल्सन यांच्याप्रमाणेच त्यांनाही पक्षांतर्गत दुही शमवावयाची होती. त्यांनीही प्रथम फेरवाटाघाटी केल्या व मंत्र्यांना विरोधी प्रचाराची मुभा दिली. सार्वमताचे विधेयक २०१५ मध्ये दुसऱ्या वाचनात ५४४ विरुद्ध ५३ मतांनी संमत झाले. त्यात निकालानंतर काय करावयाचे, याविषयी एकही कलम नव्हते. ही नजरचूक म्हणता येणार नाही, कारण पूर्वोदाहरणे समोर होती. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा होकार आवश्यक केला होता व ५१·६ टक्के मते अनुकूल असूनही योजना त्या अटीमुळे बारगळली होती. २०११ मध्ये मतदानपद्धतीवरील सार्वमताच्या कायद्यात निकाल अमलात आणण्याचे बंधन मंत्र्यांवर घातले होते. या वेळी ना किमान मतांची अट, ना बंधन. सरकारी पत्रकात मात्र तुम्ही जो निर्णय द्याल, तो सरकार अमलात आणील, असे वचन होते.

२३ जून २०१६ रोजी ७२·२ टक्के मतदान होऊन १ कोटी ७४ लक्ष १० हजार मतदारांनी (५१·९ टक्के) बाहेर पडण्याच्या, तर १ कोटी ६१ लक्ष ४१ हजारांनी (४८·१ टक्के) राहण्याच्या बाजूने कौल दिला. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे राहण्याच्या बाजूस बहुमत होते. कॉमन्समधील बहुसंख्य सदस्यही राहण्याच्या मताचे होते. एकचाळीस वर्षांपूर्वी टळलेला प्रसंग आता समोर उभा राहिला. कायदेशीर सार्वभौमाचे मत एक व राजकीय सार्वभौमाची आज्ञा दुसरी, अशी स्थिती आली.

बाहेर पडण्याची सूचना संघास देण्याचा अधिकार राजसत्तेच्या विशेषाधिकारान्वये आपणास आहे, असे थेरेसा मे यांच्या सरकारचे म्हणणे होते. जीना मिलर यांनी त्यास आव्हान दिले. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय देताच एका दैनिकाने न्यायाधीशांना जनतेचे शत्रू ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी ८ विरुद्ध ३ मतांनी तोच निर्णय कायम केला. १९७२ च्या अधिनियमाने नागरिकांना मिळालेले हक्क संसदेच्या कायद्यावाचून काढून घेता येत नाहीत. सार्वमताचे राजकीय महत्त्व मोठे असले, तरी त्याचा कायदेशीर परिणाम संबंधित अधिनियमावर अवलंबून असतो व २०१५ च्या अधिनियमाने तसा कोणताही परिणाम सांगितलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. संसदेच्या सार्वभौमत्वाचा हा निःसंशय विजय होता. आठवडाभरात संसदेने या विजयाचा जो उपयोग केला, तो असा : १ फेब्रुवारी रोजी सूचना देण्याचे दोन कलमी विधेयक दुसऱ्या वाचनात ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे सरकले. स्वतःला जे अहितकारक वाटते, त्यासाठीच मत देत असल्याचे कित्येक सदस्यांनी भाषणांत मोकळेपणाने सांगितले. २९ मार्च रोजी सूचना धाडण्यात आली.

त्यानंतरच्या अडीच वर्षांत संसदेने नकाराचे सामर्थ्य दाखविले. पर्याय मात्र तिला निवडता आला नाही. मे यांचा निर्गमन करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ अशा प्रचंड फरकाने फेटाळला गेला व आणखी दोनदा पराभूत झाला. मतदारांनी ‘बाहेर’ म्हटले होते, कोणत्या अटींवर ते नव्हे. आणि प्रत्येक गट आपलाच अर्थ लोकांचा म्हणून पुढे करीत होता. बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे अधिवेशन पाच आठवडे तहकूब ठेवण्याचा प्रयत्न केला. तो बेकायदेशीर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबर २०१९ रोजी एकमताने दिला. त्याच महिन्यात मुदतवाढ मागण्याचे बंधन सरकारवर घालणारा जो कायदा संसदेने केला, त्याचे प्रवर्तक हिलरी बेन होते. सार्वमताची मागणी ब्रिटिश राजकारणात आणणाऱ्या टोनी बेन यांचे ते पुत्र होत. डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना मोठे बहुमत मिळाल्याने कोंडी फुटली व ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले.

निर्गमन करार अधिनियम, २०२० च्या अडतिसाव्या कलमात संसद सार्वभौम असल्याचे नमूद करण्यात आले. डायसींच्या काळी जे लिहिण्याची गरज कोणास वाटली नव्हती, ते आता कायद्याच्या शब्दांत बसवावे लागले. टिकवून ठेवलेल्या यूरोपीय कायद्याचे उरलेसुरले श्रेष्ठत्व २०२३ च्या अधिनियमाने त्या वर्षाअखेर संपले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र मालाच्या व्यापाराविषयीचे अनेक यूरोपीय नियम विशेष करारान्वये लागू राहिले. सार्वमताचे कुलूप लावणारा २०११ चा अधिनियम २०१८ मध्येच साध्या बहुमताने, सार्वमताविना, रद्द झाला होता. त्याहून महत्त्वाचा निर्णय यूरोपशी थेट संबंध नसलेल्या प्रकरणात झाला. स्कॉटलंडच्या संसदेला स्वातंत्र्याच्या प्रश्नावर निव्वळ सल्लावजा सार्वमत घेता येईल काय, असे विचारले गेले असता सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने नकार दिला. असे सार्वमत कायद्याने कोणास बांधत नसले, तरी त्याचे राजकीय परिणाम इतके मोठे असतात, की ते राज्यसंघाशी व वेस्टमिन्स्टरच्या संसदेच्या सार्वभौमत्वाशी संबंधितच मानावे लागते, असे कारण न्यायालयाने दिले. शॉर्ट यांनी १९७५ मध्ये पूर्णतः सुसंगत म्हटलेली दोन तत्त्वे परस्परांशी कशी भिडतात, याची न्यायालयीन नोंद अशा रीतीने ४७ वर्षांनी झाली.